अडुसष्ट गुणांची पहिली

इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींच्या घड्या घालणाऱ्या बाईंची मुलगी यंदा शाळेत पहिली आली, आणि तीही अडुसष्ट गुण मिळवून. त्या शाळेत सत्तरच्या वर कुणालाच मिळत नसत. मोठ्या सरांचा तसा दंडकच होता, आणि लोकांना त्याचा कोण अभिमान! पलीकडच्या शाळेत मात्र गुणांची खैरात. तिथल्या ढ पोरालाही ऐंशी पडत.

कॉलेजच्या अर्जात एकच चौकट होती: शंभरपैकी गुण. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की शाळेची गुण देण्याची पद्धत वेगळी असल्यास मुख्याध्यापकांचं पत्र जोडावं. खिडकीतला कारकूनही म्हणाला, "ताई, पत्र आणा, त्या हिशेबानं गुण धरू. पण शनिवारपर्यंत हं."

बाई कामावरून परस्पर शाळेत गेल्या.

"सर, दोन ओळी लिहून द्या. पोरगी पहिली आलीय, एवढंच."

"अहो, आम्ही खुलासे देत नसतो. आमचे अडुसष्ट बावनकशी. ज्याला कळायचं त्याला कळतं."

"त्यांना नाही कळत, सर. त्यांना नुसता आकडा दिसतो."

"मग तो त्यांचा दोष."

"आणि भोगायचं माझ्या पोरीनं?"

सर चष्मा पुसत बसले. बाई शुक्रवारी पुन्हा गेल्या, शनिवारीही गेल्या. शनिवारी सर भेटलेच नाहीत.

यादी लागली. शेजारणीचा मुलगा पलीकडच्या शाळेचा. त्याला गणित बाईंच्या मुलीनंच शिकवलेलं. तो ब्याऐंशीवर आत गेला. हिचं नाव कुठंच नव्हतं. पोरगी रडली नाही. "आई, धुलाईघरात जागा आहे का गं?" एवढंच तिनं विचारलं.

पंधरवड्यानं शाळेचा शिपाई निमंत्रण घेऊन आला. पहिल्या आलेल्या मुलीचं नाव सभागृहातल्या फळ्यावर सोनेरी अक्षरांत लिहायचं होतं. बाई एकट्याच गेल्या. सभागृह पालकांनी भरलेलं, रंगारी ब्रश घेऊन तयार.

"मुलगी कुठाय?" सरांनी विचारलं.

"कामाला लागली. तिचं नाव लिहू नका."

"अहो, मान आहे हा!"

"जिथं ते नाव कामी आलं असतं, तिथं तुमच्या हातून दोन ओळी लिहून झाल्या नाहीत. आता भिंतीवर कशाला? शिस्तीचं कौतुक तुम्हाला, सर, आणि वाटोळं आमच्या पोरींचं!"

सभागृहातल्या कितीतरी घरांच्या मुली पुढल्या वर्षी त्याच चौकटीत आकडा लिहिणार होत्या. पण कुणी तोंड उघडलं नाही.

सरांनी घसा खाकरून दुसऱ्या आलेल्या मुलीचं नाव पुकारलं. तिला सहासष्ट होते; तिलाही कुठं प्रवेश मिळाला नव्हता. तिचे वडील लगबगीनं उठले आणि हात जोडून मंचावर गेले. बाई दाराशी पोचेपर्यंत टाळ्या सुरू झाल्या होत्या, आणि त्या वाजवणारे तुम्ही-आम्हीच होतो.