आत्याची चाल

आमच्या गेमचा ट्रेलर दुपारी आला आणि संध्याकाळपर्यंत मी चोर ठरले होते.

खाली कमेंट्समध्ये लोकांनी जोड्या लावायला सुरुवात केली होती. एका बाजूला आमच्या गेममधलं झाड, दुसऱ्या बाजूला नव्वदच्या दशकातल्या एका जपानी गेममधलं झाड. पानं तीच, सावलीसुद्धा तीच. संवादाची निळी चौकट तीच, तिचा पांढरा काठही तोच. कुणीतरी लिहिलं होतं, ‘भिया, ये तो पूरा छाप दिया.’ आणि ट्रेलरच्या शेवटी ठळक अक्षरांत, चित्रं: मधुवंती, म्हणजे मी. ते झाड मी काढलेलंच नव्हतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पोलोग्राउंडच्या औद्योगिक वस्तीत एका लेथच्या कारखान्यावरच्या मजल्यावर मी आणि देवांश हा गेम करत होतो. प्रोग्रामिंग त्याचं, चित्रं माझी. दोघंही लहानपणी टीव्हीसमोर मांडी घालून ते जुने जपानी रोल-प्लेइंग गेम खेळलेलो. ठिपक्याठिपक्यांची माणसं, गावोगाव भटकणं, वाटेत लढाया. तसाच गेम आम्हाला इथला करायचा होता. नायिका होळकरांच्या फौजेतल्या एका घरातली, निरोप पोचवायला मानपूरकडे निघालेली. घाटात ती घोड्यावरून पडते आणि पुढचा सगळा गेम लंगडत चालते.

ती चाल माझ्या शारदाआत्याची. आत्या स्नेहलतागंजला राहते, शाळेत शिकवायची. शाळेच्या जिन्यावरून पडली तेव्हापासून तिचा डावा पाय किंचित मागे राहतो. मी तिला गच्चीवर इकडून तिकडे चालायला लावलं, फोनवर शूट केलं आणि ती चाल ठिपक्यांत उतरवण्यात अख्खा उन्हाळा घालवला. नायिकेची नऊवारीही तिच्याच जुन्या फोटोतली. आपण गेममध्ये येणार, हे आत्या गल्लीभर सांगत सुटली होती.

मग आत्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आलं आणि मी सुट्टी घेतली. देवांशने तेवढ्यात हात धुऊन घेतले. माझे कडुनिंब आणि पळस काढून टाकले, कौलारू घरं पुसली, जुन्या गेमचे स्क्रीनशॉट खाली ठेवून वरून गिरवले आणि मला न विचारता ट्रेलर टाकून मोकळा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसात शिरले तेव्हा देवांशसाहेब निवांत कचोरी खात होते. शरम नावालाही नाही. लोक दोन दिवस बोलतील, मग विसरतील, उलट फुकटची पब्लिसिटी झाली, असं मलाच समजावायला लागला.

“तुझी झाडं अच्छी होती यार, मधु,” तो म्हणाला, “पण तो वाला फील नव्हता येत. आणि ही इन्स्पिरेशन आहे. चोरी थोडी आहे.”

इन्स्पिरेशन. हा शब्द त्याच्या तोंडून ऐकून माझं डोकंच फिरलं. त्या जपानी चित्रकाराने त्याच्या खिडकीबाहेरचं काहीतरी बघून ते झाड काढलं असेल. आमच्या खिडकीबाहेर कडुनिंब होता. देवांशने खिडकीकडे मानसुद्धा वळवली नव्हती.

मी त्याचा कीबोर्ड ओढला आणि नायिकेला उजवीकडे चालवलं. पदर डाव्या खांद्यावर, बरोबर. मग डावीकडे चालवलं. पदर उजव्या खांद्यावर गेला. पायही बदलला. इकडे जाताना डावा लंगडतो, तिकडे जाताना उजवा. मी दोन्ही बाजू वेगवेगळ्या काढल्या होत्या, ह्याने एक पुसून दुसरी उलटवून लावली होती. मराठी घरातला मुलगा, आईला रोज साडी नेसलेली बघतो, आणि पदर कुठल्या खांद्यावर हे ह्याला दिसलं नाही.

“मग? जुन्या गेममध्ये असंच तर असायचं,” तो म्हणाला. “मिरर करायचे. तेच तर रेट्रो आहे.”

“त्यांच्या मशीनमध्ये जागा नव्हती, देवांश. म्हणून एकच चित्र उलटवून वापरायचे. तुझ्याकडे जागाच जागा आहे. त्यांची मजबुरी तेवढी तू उचललीस.”

तो कचोरीचा कागद चुरगाळत राहिला. मग म्हणाला की चित्रांवर नाव तुझं आहे, तर माफीची एक पोस्ट तूच लिही, जुन्या खेळांना मानवंदना वगैरे. म्हणजे चोरी ह्याने करायची आणि हात मी जोडायचे. मी स्पष्ट सांगितलं, एक तर गिरवलेलं सगळं काढ, नाहीतर माझं नाव काढ. तो गिरवलेली चित्रंच काढून टाकेल याची मला खात्री होती. इतकी वर्षं बरोबर काम करूनही मी इतकी बावळट.

त्याने नाव काढलं.

पुढच्या आठवड्यात नवा ट्रेलर आला तेव्हा मी आत्याकडेच होते. तिच्या डोळ्यांना आता स्वच्छ दिसत होतं आणि तिला गेममध्ये स्वतःला बघायचं होतं. मी टाळत होते, पण तिने फोन माझ्या हातातून घेतला. भांडण मिटवायला देवांशने नायिकाच उडवली होती. तिच्या जागी पिवळ्या, टोकदार केसांचा एक पोरगा, पाठीवर त्याच्याएवढी तलवार. घाट नाही, घोडा नाही, मानपूर नाही. पोरगा गावाबाहेर पडला आणि उजवीकडे चालायला लागला.

डावा पाय किंचित मागे ठेवून.

माझा अख्खा उन्हाळा त्या पायात होता. चाल छान आहे म्हणून त्याने ती तेवढी ठेवली होती. आत्याने चष्मा वर केला, फोन डोळ्यांजवळ नेला आणि पुन्हा पहिल्यापासून बघितलं. मी कुठे आहे, असं तिने विचारलंच नाही.

“हा कुठे पडला होता गं?” तिने विचारलं.

“कुठेच नाही,” मी म्हणाले. “नुसता लंगडतोय.”