न बुजलेली वाट

शिंगराच्या छातीला स्टेथोस्कोप लावून डॉ. नीला बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. गोठ्यात कुणी हलत नव्हतं. घोडी तेवढी कान मागे पाडून पाहत होती.

"बोला ना जी, मॅडम," वरातीला घोडी देणारा झामसिंग म्हणाला. "वरातीत बँडवाल्यांसमोर नाही भेत मी. तुमी गप झाल्या का धडकी भरते."

ठोक्यांना विसावा नव्हता. एका ठोक्यातून दुसऱ्यात घरघर अखंड वाहत होती, दूरवर राइस मिल चालू असावी तशी. सोबत आणलेल्या सोनोग्राफी यंत्राच्या पडद्यावर तिचं मूळ दिसलं: महाधमनी आणि फुफ्फुसाची धमनी यांना जोडणारी एक आखूड वाहिनी. उघडी.

"आईच्या पोटात श्वास नसतो, झामसिंगभाऊ, तेव्हा रक्त या वाटेनं जातं. जन्मानंतर ती आपोआप बुजते. हे महिन्याचं झालं, तरी बुजली नाही. असंच राहिलं तर हृदय थकत जाईल."

"बुजली नाही?" झामसिंगनं सावकाश बायकोकडे पाहिलं. "दुर्पता, मोहाखालचा घोडा बुजवला का नाही तू?"

त्याच्या घरची ती रीत होती. घोडी गाभण राहिली की मोहाच्या झाडाखालच्या देवापाशी मातीचा पोकळ घोडा ठेवायचा. जीव आत यावा म्हणून पोटाला भोक. शिंगरू जन्मलं की घरच्या बाईनं ते ओल्या मातीनं बुजवायचं.

दुर्पता शिंगराची मान कुरवाळत राहिली.

तिघं मोहापाशी गेली तेव्हा ऊन उतरलं होतं. भोक उघडंच होतं. बोट फिरवून फिरवून त्याच्या कडा गुळगुळीत झाल्या होत्या. नीलांनी स्वतःशीच हसत स्टेथोस्कोप मातीच्या पोटाला टेकवला. हसू ओठांवरच राहिलं. तीच घरघर. मोहाचं एक पान हलत नव्हतं.

बुंध्याशी दगडांनी वेढलेला हातभर उंचवटा होता. पावसाळ्यात दुर्पताचं बाळ श्वास न घेताच जन्मलं. ते तिथं पुरलेलं होतं.

झामसिंगला आता कळलं. "त्याच्यासाठी उघडं ठेवलं काय व?"

दुर्पतानं भोकावर तळवा ठेवला, कुणाचं तोंड झाकावं तसा नव्हे. कुणाचा श्वास लागतो का ते पाहावं तसा.

तो धानाच्या बांधीतून ओल्या मातीचा गोळा घेऊन आला. "बुजवू काय? शिंगरू तरी वाचंल. सांग ना, दुर्पता."

गोठ्यातून शिंगरू खोकल्याचा आवाज आला. तिनं हात काढला, उंचवट्याकडे एकदा पाहिलं, आणि शेताच्या धुऱ्यावरून गोठ्याकडे चालू लागली.