धुक्यातला पांढरा उजेड

मित्रांनो, माझ्या काजळलेल्या काचेकडे बघून नाक मुरडू नका. मोटारीच्या पुढच्या दिव्यात बसणारा मी एक जुना बल्ब आहे. माझा उजेड मुळातच मंद, हळदीच्या पाण्यासारखा पिवळा. पण त्या उजेडात मला जे बघावं लागलं, ते आज सांगूनच टाकतो.

परमुलखातल्या कारखान्यात माझा जन्म झाला. पेंढ्यात गुंडाळून मला आगबोटीत घातलं, ते थेट रत्नागिरीच्या बंदरात उतरवलं. तिथे आत्मारामने मला आणि माझ्या जोडीदाराला त्याच्या उतारू नेणाऱ्या सर्व्हिस मोटारीत बसवलं. जयगड ते रत्नागिरी ही आमची वाट. हिवाळ्यात पहाटे खाडीवरून धुकं चढे, तांबडी वाट त्यात बुडून जाई. पण चाकांपुढची जमीन आम्ही बरोबर दाखवायचो. उतारू म्हणत, "आत्मारामाची मोटार म्हणजे घरची ओटी!" ऐकून मी फुगत असे, खोटं कशाला बोलू?

मग चौतीस सालच्या पौषात केरू आला. आत्मारामची बायको मथुरा हिचा हा एकुलता एक भाऊ, मुंबईला गोदीत कामाला. आईबापामागे तोच तिचं माहेर. बहीण पहिलटकरीण म्हणून रजा काढून आला आणि येताना मेहुण्यासाठी दोन नवे बल्ब घेऊन आला. दुकानदाराला त्याने एकच विचारलं होतं, "सगळ्यात लख्ख कुठला?" गाडी कुठे चालते, धुकं पडतं का, काही म्हणजे काही नाही! संध्याकाळी ते पेटवले तर अख्खी वाडी दिपून गेली. "दिवस उगवला रे!" आत्माराम ओरडला, आणि आमची रवानगी चिंधीत बांधून हत्यारांच्या पेटीत झाली. मला फार लागलं ते.

थोड्याच दिवसांत एका पहाटे मथुराला कळा सुरू झाल्या. मूल आडवं होतं. सुईण सोनूबाई म्हणाली, "माझ्या हातातलं नाय हे. रत्नागिरीच्या दवाखान्यात न्या, नायतर दोन्ही जीव जातील." लगेच मोटार निघाली. आत मथुरेजवळ सोनूबाई, आणि बाहेर दाराखालच्या पायफळीवर केरू उभा.

सड्याचं कातळी माळरान ओलांडून उताराला लागताच धुकं आडवं आलं. नवे बल्ब जितके लख्ख, तितकं धुकं पांढरं. पुढे चुन्याची भिंतच उभी राहिली. पायफळीवरच्या पेटीच्या फटीतून ती मलाही दिसत होती.

"अहो, ते जुने दिवे लावा ना," मथुरा कण्हत म्हणाली.

आत्माराम थांबणार, तोच सोनूबाईने त्याचा दंड धरला. "थांबू नको मेल्या! हा चाळा हाय. वाट अडवून गाडी थांबवायला बघतो तो. राखणदाराला नारळ बोल नि चालत राहा!"

आमच्याकडे हे सगळेच मानतात. भुताटकीने वाट अडवली की थांबायचं नाही, मागे बघायचं नाही. आत्मारामने राखणदाराला नारळाचा नवस बोलला. भिंत हटली नाही. हटणार कशी? ती त्याच्याच दिव्यांनी उभी केली होती! मी पेटीत नुसता तडफडत होतो.

"भावोजी, तुम्ही गाडी थांबवू नका," केरू म्हणाला. "मी पुढं चालतो. माझ्या धोतरावर नजर ठेवा." आणि त्याने पायफळीवरून उडी टाकली.

अरे देवा! पांढरं धुकं, पांढरा उजेड आणि त्यात पांढरं धोतर!

"सरळ या भावोजी, सरळ या!" असा त्याचा आवाज काही वेळ येत राहिला. मग आवाज थांबला. मोटारीला धक्का बसला.

आता मात्र आत्माराम थांबला. हात भाजत होते तरी त्याने नवे बल्ब उपटून फेकले आणि आम्हाला बसवलं. माझ्या उजेडात वाटेच्या दोन्ही कडा दिसल्या, आणि मधोमध पडलेला केरू दिसला. त्या क्षणी आपण विझून जावं, असं मला वाटलं.

केरूला बहिणीशेजारी निजवून आम्ही रत्नागिरी गाठली. मथुरा वाचली, तिची मुलगीही वाचली. केरू वाटेतच गेला. चाळ्याने नेला, असं सोनूबाई आजही सांगते.

म्हणून कळवळून सांगतो, मित्रांनो, दिवा घेताना डोळे किती दिपतात ते बघू नका. वाट कुठली, ऋतू कुठला, धुकं किती, ते आधी विचारा. गाडीपुढे चालणारं माणूस त्या उजेडात दिसेल का, एवढं तरी नक्की बघा.

जिला भाऊ नाही, ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळते. यंदा मथुरा निरांजन घेऊन अंगणात आली, तेव्हा आत्माराम उठून मागल्या दारी गेला. चंद्र मावळला तरी तो घरात आला नाही.