साबणदाणीतली वाफ

आमच्या दाराची बेल दोन महिने बंद होती. शेजारीण दार बडवून बडवून वैतागली होती. "बेल दुरुस्त करा, नाहीतर मला एक हातोडा तरी आणून द्या," म्हणायची. मी थोरलीच्या मागे लागायचे आणि थोरली म्हणायची, "बघते गं आई." बेलच्या बटणाची वरची टोपी भिंतीवर जशीच्या तशी होती. आतला सगळा जीव काढून नेलेला होता, हे मला त्या रविवारी सकाळी कळलं.

सुई हवी होती म्हणून मी थोरलीच्या कपाटात हात घातला, तर माझी हिरवी साबणदाणी हाताला लागली. प्रवासाला नेत असू ती. उचलली तर ही एवढी जड! एका बाजूला तेच बेलचं बटण, दुसऱ्या बाजूला ह्यांच्या जुन्या रेकॉर्ड प्लेयरचा आवाज कमीजास्त करायचा गोल खटका, आणि वर बसवलेली काळी नळी. झाकण उघडलं. आत बंद पडलेल्या लॅपटॉपमधला सेल, नखाएवढं सर्किट आणि वायरी. बोट फिरवलं तर सोल्डरिंगचे टाके इतके सुबक की क्षणभर मला कौतुकच वाटलं. मग नळीचा वास घेतला. गोडसर, स्ट्रॉबेरीसारखा, आणि त्याच्या खाली तंबाखू. घरी बनवलेली वाफेची सिगारेट होती ती.

थोरली अठ्ठेचाळीस वर्षांची. दातांच्या कवळ्या बनवते, दोन वर्षांपासून माझ्याकडेच राहते. हे गेले ते सिगारेटपायीच. शेवटचे चार महिने नाकाला नळी लावून खिडकीपाशी बसलेले असायचे, हातरुमालाच्या घड्या घालत आणि उलगडत. तरी थोरली दिवसाला वीस ओढायची. सहा महिन्यांपूर्वी मला म्हणाली, "सोडली." मी विश्वास ठेवला. शेजारणीला सांगूनही आले.

मी एकतीस वर्षं रेडिओच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर काढली. आम्हा बायकांना पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवली होती: कुठलीही वस्तू हातात आली की आधी खटका डावीकडे, तळाला, म्हणजे सगळ्यात कमीवर. मग पुढचं काय ते. आमची सुपरवायझर, आम्ही तिला कोंबडी म्हणायचो, टेबलांमधून ओरडत फिरायची, "डावीकडे, बायांनो, डावीकडे!" निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी परक्याच्या घरचा पंखासुद्धा मी आधी तळाला नेते.

डबीवरचा खटकाही तसाच नेला, ओढलीच तर कमी तरी ओढेल म्हणून. डावीकडे, शेवटपर्यंत. डबी जागेवर ठेवून दिली. जेवण झाल्यावर बोलू, असं ठरवून भाजी चिरायला बसले. भाजी कसली चिरतेय!

थोरली आंघोळ करून आली, खोलीत गेली आणि तिथून गॅलरीत. मला खिडकीतून तिची पाठ दिसत होती. तिने डबी तोंडाला लावली आणि दाबली.

ती किंचाळली. नळीतून पांढरा लोट निघाला. तिने बोट काढलं तरी लोट थांबेना.

"अगं टाक! टाक ते!"

"बटण अडकलंय!"

बेलचं बटण बेलपुरतं असतं. एवढा करंट गेला की आतले पत्रे एकमेकांना चिकटतात, हे मला दुरूनही कळलं. मी धावले. सत्त्याहत्तराव्या वर्षी धावले. तिच्या हातातून डबी हिसकून कोपऱ्यातल्या रिकाम्या कुंडीत फेकली. शिट्टी वाजल्यासारखा आवाज झाला आणि कुंडीतून ज्वाळ उठली, माझ्या कमरेइतकी. दोघी भिंतीला पाठ लावून बघत राहिलो. कुंडी तडकली. मग नुसता धूर.

मी तिला नळाखाली नेलं. खालचा ओठ भाजला होता, दोन बोटांवर फोड. पाण्याखालूनच ती म्हणाली, "मी दोनवर ठेवला होता. खटका कुणी फिरवला?"

"मी."

"का?"

"कमी केला. डावीकडे."

"आई, डावीकडे पूर्ण आहे. मी पाठीमागून जोडला. दिवसभर साच्यात काम करते, तिथे सगळं उलटंच बघायचं असतं. लक्षात आलं तोवर टाके घालून झाले होते. खटक्यावर नेलपॉलिशचे ठिपके दिलेत, दिसले नाहीत?"

चष्मा टेबलावर होता.

"दहापासून सुरू केलं होतं," ती म्हणाली. ओठामुळे शब्द बोबडे येत होते. "दर आठवड्याला एक ठिपका खाली. आतलं निकोटिनचं औषधही पातळ करत आणलं. विकतच्या यंत्रात इतकं कमी करताच येईना. अजून पंधरा दिवस, की संपलं होतं."

मी स्टुलावर बसले. जिला वाचवायचं म्हणून मी खटका फिरवला तिचं तोंडच जाळणार होते. "सांगितलं का नाहीस?" एवढंच तोंडातून आलं.

"तू शेजारणीला सांगून आली होतीस, मी सोडली म्हणून."

ओठाला मलम लावून झालं. ती उठली, पर्स घेतली.

"कुठे?"

"खाली. एक पाकीट आणते. आज एक दिवस. तलफ आवरत नाहीये."

मी दाराला पाठ लावून उभी राहिले.

"बाजूला हो, आई."

"नाही होणार."

"ढकलेन हं."

"ढकल. खुबा मोडला तर दवाखान्यात तूच ने."

तिने खरंच माझ्या दंडाला धरलं. एवढी वाढलेली बाई, पण पकड लहानपणी खाऊसाठी धरायची तशीच. मग एकाएकी ती दारापाशीच फतकल मारून बसली आणि रडायला लागली. मी कशीबशी तिच्याशेजारी टेकले.

"किती वेळ टिकते ही तलफ?" मी विचारलं.

"पाच मिनिटं. कधी दहा. मग जाते आणि परत येते."

"मग बसू दहा मिनिटं."

"आणि परत आली की?"

"परत बसू. नाहीतरी तू उचलल्याशिवाय मला इथून उठता यायचं नाही."

ती भाजलेल्या ओठाने हसायला गेली आणि कळवळली. तिने माझा हात घट्ट धरला. नळाच्या पाण्याने तिची बोटं अजून थंडगार होती, आणि माझीही.