ठेवलंय म्हणून राहते

त्या सकाळी शेजारीण उसनी नेलेली शिडी परत करायला आली, तेव्हा घरातली धाकटी सून स्वयंपाकघरामागच्या खोलीत चष्म्यांच्या जुन्या फ्रेमा पुसत बसली होती. दोघा भावांचं चष्म्यांचं दुकान. काचा घासायचं काम धाकट्याचं, गल्ला थोरल्याचा. धाकटा गेला त्याला वर्ष झालं आणि वर्षभरात धाकटीची खोली मागे मागे सरकत गेली. आधी रस्त्याकडची होती, मग जिन्याजवळची आली, आणि आता ही, जिथे पूर्वी रिकामी खोकी ठेवायचे.

"कशा आहात? सांभाळतात ना सगळे?" शेजारणीनं विचारलं.

"हो तर. त्यांनी ठेवलंय म्हणून राहते," धाकटी म्हणाली.

यात काय एवढं, असं तुम्ही म्हणाल. खरंच, काही नाही! विधवा बाईनं चारचौघांत असंच बोलायचं असतं. 'माझं घर आहे, मी राहते' असं ती म्हणाली असती, तर शेजारणीच्या भुवया कपाळात गेल्या असत्या. म्हणून आपण बायकांच्या तोंडात हे वाक्य बसवून ठेवतो आणि त्या ते बोलल्या की त्यांना समजूतदार म्हणतो.

त्या घरात धाकटीला कुणी टाकून बोलत नव्हतं. टाकून बोलायचं तर आधी बोलावं लागतं! थोरली जाऊ चहाचा कप खिडकीत ठेवायची, वर बशी झाकायची आणि निघून जायची. याच दोघी एके काळी ओट्याशी उभ्या राहून अशा खिदळायच्या, की सासरे बाहेरून ओरडायचे, "अगं, दूध उतू गेलं की अक्कल?" आता धाकटी बशी उचलायची तेव्हा चहा निवलेला असायचा. दिवसभरात तिच्याशी कुणी बोललं नाही, तर संध्याकाळी ती रेडिओवरच्या बातम्या देणाऱ्या बाईला "बरं बरं" म्हणायची. एकटेपणा माणसाला असा वेडा करतो.

मग थोरल्यानं घर विकायला काढलं आणि भावजयीला खोली सोडण्याची नोटीस दिली. एकाच छपराखाली राहत होते, पण नोटीस टपालानं आली. माहेरी तिचं कुणी उरलं नव्हतं. हातात कागद घेऊन ती थोरल्याच्या खोलीच्या उंबऱ्यात गेली.

"भाऊजी, मी जाऊ कुठं?"

"जे काही बोलायचं ते वकिलाशी बोला," थोरला म्हणाला. थोरली पाठमोरी उभी होती. ती वळली नाही.

धाकटी कोर्टात गेली आणि हरली. वर गेली, तिथंही हरली. शेजारणीनं पहिल्याच कोर्टात शपथेवर सांगितलं होतं, "ती स्वतःच म्हणाली मला, त्यांनी ठेवलंय म्हणून राहते." बिचारी खोटं काहीच बोलली नव्हती. वरच्या कोर्टातले न्यायाधीश अवघडून म्हणाले, "बाई, मला तुमचं पटतं. पण सर्वोच्च न्यायालयाचा जुना निकाल आहे. माझे हात बांधलेले आहेत."

"कुठला निकाल?" बाहेर आल्यावर तिनं आपल्या वकीलबाईंना विचारलं.

"घड्याळवालीचा. एका घड्याळ दुरुस्त करणाऱ्याच्या विधवेला दिरानं बाहेर काढलं, ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. तिथं ठरलं, की नवरा गेल्यावर बाई सासरी राहते ती घरच्यांच्या मर्जीनं, हक्कानं नव्हे. त्या न्यायालयाचं एकदा ठरलं की खालच्या सगळ्यांना तसंच वागावं लागतं. तेव्हापासून तुमच्यासारख्या किती जणी हरल्या, मोजदाद नाही."

"पण मर्जीनं राहते, हे कशावरून ठरवलं?"

वकीलबाईंनी पान काढून वाचलं. "अर्जदार बाईनं खालच्या न्यायालयात स्वतः कबूल केलं आहे, की 'त्यांनी ठेवलंय म्हणून राहते.'"

हे तर धाकटीचंच वाक्य! अक्षर न् अक्षर तेच.

"ती बाई आहे का हो अजून?"

एवढी वर्षं वकीलबाई हा निकाल तोंडपाठ सांगत होत्या. निकालातली बाई जिवंत असेल, हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. त्यांनी शोध घेतला. म्हातारी होती. एका लॉण्ड्रीच्या वर, वाफेनं ओल धरलेल्या खोलीत एकटी राहत होती.

धाकटी गेली तेव्हा म्हातारीनं दार उघडलं आणि चष्मा सावरला. तो एका बाजूला कलला होता. धाकटीनं न विचारता तो हातात घेतला, काडी बोटांनी हलकेच वाकवून सरळ केली आणि परत तिच्या नाकावर बसवला.

"अगं बाई! भिंत सरळ झाली की," म्हातारी हसली. "बस. माझ्याकडे कुणी येत नाही, त्यामुळे खुर्ची एकच आहे. मी पलंगावर बसते."

धाकटीनं सगळं सांगितलं, आता आपणही सर्वोच्च न्यायालयात जाणार आहोत हेही. म्हातारी ऐकता ऐकता पांढरी पडली. आपण खटला हरलो, एवढंच तिला ठाऊक होतं. आपलं हरणं पुस्तकात छापून सगळ्या विधवांच्या गळ्यात बांधलंय, हे तिला कुणी कळवलंच नव्हतं.

"माझ्यामुळे?" ती म्हणाली. "अगं, कोर्टात विचारलं, तुम्ही त्या घरात कशा राहता? समोर मोठे दीर उभे. त्यांच्यासमोर हक्क कसा सांगायचा? आपल्याला बोलायची रीत शिकवलेली असते ना! म्हटलं, त्यांनी ठेवलंय म्हणून राहते. बरं दिसावं म्हणून बोलले गं मी!"

"मीपण तेवढ्यासाठीच बोलले होते, आजी."

दोघी रडल्या. मग डोळे पुसून म्हातारी म्हणाली, "मला घेऊन चल तिथं."

सुनावणीच्या दिवशी सर्वोच्च न्यायालयात पाच न्यायमूर्ती बसले होते. वकीलबाई म्हणाल्या, "आमचा खटला वेगळा आहे, असं मी म्हणत नाही. तो जुना निकालच चुकीचा होता, असं म्हणते."

मुख्य न्यायमूर्तींनी विचारलं, "या निकालावर विसंबून लोकांनी इतकी वर्षं घरं घेतली, विकली. आम्हीच आमचा शब्द फिरवला, तर लोकांनी विसंबायचं कशावर?"

प्रश्न रास्त होता. न्यायालयाला रोज वेगळं बोलून चालत नाही.

"घरं घेणारे विसंबले, हे खरं," वकीलबाई म्हणाल्या. "पण ज्यांची घरं गेली, त्यांनी कशावर विसंबायचं, महोदय?"

थोरल्याच्या वकिलानं उठून जुन्या निकालातलं ते वाक्य खड्या आवाजात वाचलं. तेवढ्यात मागच्या बाकावरून थरथरता आवाज आला.

"ते मी बरं दिसावं म्हणून बोलले होते."

शिपाई धावला. मुख्य न्यायमूर्तींनी त्याला हातानं थांबवलं. "या कोण?"

"महोदय," वकीलबाई म्हणाल्या, "इतकी वर्षं आपण ज्यांचा दाखला देत आलात, त्या या."

म्हातारी बाकाचा कठडा धरून उभी होती. तिला कुणी खाली बसायला सांगितलं नाही.

निकाल काही महिन्यांनी लागला. तीन विरुद्ध दोन. आपला जुना निर्णय चुकला होता, असं न्यायालयानं लिहिलं. अदबीनं बोललेला शब्द म्हणजे हक्क सोडणं नव्हे, असंही लिहिलं. धाकटीची खोली राहिली.

"आणि माझं घर गं?" म्हातारीनं विचारलं.

तिथं कधीच एक मोठं दुकान उभं राहिलं होतं. खटला संपलेला होता. धाकटीनं नुसता तिचा हात धरून ठेवला.

घरी धाकटीचं स्वागत कुणी केलं नाही. थोरला तिला ओलांडून जायचा, तिथं कुणी नसल्यासारखा. खिडकीत झाकलेला कप यायचाही बंद झाला. जिंकूनही ती होती तेवढीच एकटी. न्यायालय खोली देतं. बोलणारं माणूस कुठून देणार?

एका दुपारी शेजारीण आली. "चला, बरं झालं," ती ओशाळून म्हणाली. "शेवटी ठेवलं ना तुम्हाला?"

धाकटीच्या जिभेवर ते वाक्य आपसूक आलं. तिनं ते गिळलं.

"मी राहते," ती म्हणाली.

शेजारीण निघून गेली. थोरली दारात उभी होती. किती वेळ, कोण जाणे. थोरल्याला त्याच आठवड्यात छातीत दुखलं म्हणून डॉक्टरांकडे नेलं होतं. थोरलीनं पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"तो निकाल," ती हळूच म्हणाली, "तुझ्यापुरताच आहे, की... सगळ्याच बायकांना?"

"सगळ्यांना, ताई."

"म्हणजे उद्या यांचं काही बरंवाईट झालं, तर मला पण?"

"तुम्हाला पण."

थोरली आत गेली. भांड्याचा आवाज आला, गॅस पेटल्याचा आला आणि मग तिचा, बऱ्याच दिवसांनी.

"धाकटे, साखर किती घ्यायचीस गं तू? विसरले मी."