थोरलीचे पान

"रंजिताच्या नंबरावर जे पान उघडते, तेच माह्या नंबरावरबी उघडलं पाह्यजे," बबिता म्हणाली. "आजच करून दे."

दारव्ह्याच्या बसस्टँडजवळ अमरचे कॉम्प्युटरचे दुकान होते. बंजारा तांड्यातल्या बायकांच्या बचत गटाची वेबसाइट त्यानेच बनवली होती. बायका काचा-कवड्या लावून भरतकामाच्या पिशव्या भरायच्या आणि नागपूर-पुण्याकडची माणसे त्या साइटवरून मागवायची.

"काकू, पानं अलग अलग ठेवली हायेत," अमर म्हणाला. "लॉगिन केलं का साइट पाह्यते, हे कोण हाय म्हणून. शिवणारी असली तर तिले कामाच्या पानावर पाठवते, ऑर्डर पाह्यणारी असली तर ऑर्डरीच्या. तुमी शिवता. रंजिताताई ऑर्डरी पाह्यतात."

"ठाऊक हाय मले."

ठाऊक होते म्हणूनच तर पोटात दुखत होते. दोघी एकाच घरातल्या जावा, एकाच ओसरीवर बसून मोबाइल उघडायच्या. धाकटीच्या मोबाइलवर गिऱ्हाइकांची नावे, निरोप, फोटो, असा बाजार भरायचा. थोरलीच्या मोबाइलवर 'नमस्कार बबिताबाई, या आठवड्यात चार पिशव्या' एवढेच यायचे. निरोप वाचताना रंजिता कधी हसायची, कधी गप्प व्हायची, आणि बबिता जवळ सरकली की मोबाइल पालथा घालायची. गिऱ्हाइके कौतुक करत असणार आणि ही बया एकटीच ते गिळत असणार, याबद्दल बबिताला तिळमात्र शंका नव्हती.

करणारी कोण आणि मिरवणारी कोण! रंजिता डावरी होती. लग्न होऊन आली तेव्हा सासूने, सुखीबाईने, तिचा पहिलाच टाका पाहून सुई काढून घेतली होती. डावऱ्या हाताचा टाका उलटा फिरतो, थोरलीच्या कामाशेजारी डोळ्यात खुपतो, असे ती सगळ्यांदेखत म्हणाली होती. त्या दिवशी बबिताला झालेला आनंद अजून पुरत होता. पण रंजिता शिकलेली म्हणून ऑर्डरी तिच्याकडे गेल्या, आणि आता तांड्यातल्या बायका काही विचारायचे झाले की थोरलीला ओलांडून धाकटीकडे जायच्या.

"रंजितानंच धाडलं मले," बबिता बेधडक खोटे बोलली. "तिच्या एकटीच्यानं होत नाही म्हणे."

मग अमरचे काय जाते? त्याने दोन-चार ठिकाणी बोटे मारली. "झालं, काकू. आता लॉगिन करून पाहा."

तिने ते दुकानात केले नाही. जीप भरायला वेळ होता. खिडकीची जागा धरून, पदर आडवा घेऊन तिने मोबाइल उघडला. या वेळी चार पिशव्यांचे पान आले नाही. रंजिताचा तो सगळा बाजार तिच्या हातात होता. तिला मनापासून बरे वाटले.

पहिला निरोप नागपूरच्या बाईचा होता. 'पिशवी सुंदर आहे, पण काच दुसऱ्याच दिवशी निखळली.' त्याखालचा पुण्याचा होता. 'लाल फुलात मध्येच किरमिजी दोरा भरलाय. बदलून मिळेल का?' आणखी खाली तसेच. प्रत्येकाखाली रंजिताचे उत्तर होते. 'चूक माझी. ही पिशवी मी भरली होती. परत पाठवा, नीट करून देते.'

मी भरली होती? बबिताने नीट केलेल्या पिशवीचा फोटो उघडला आणि बोटांनी मोठा केला. फोटो मोठा करता येतो, हातातली पिशवी करता येत नाही. फुले तिचीच होती. पण काचेभोवतीचा टाका उलटा फिरत गेला होता. दुसऱ्या फोटोतही उलटा, तिसऱ्यातही. ज्या पिशव्या ती आपल्या म्हणून सुखीबाईला दाखवायची, त्यांच्यावर डावरा हात फिरून गेला होता.

गेले वर्षभर ती ओसरीच्या अंधाराला, बाजारातल्या फुसक्या दोऱ्याला आणि सुईच्या बारीक नेढ्याला नावे ठेवत होती. डोळ्यांचे नाव तिने घेतले नव्हते.

आधी तिला रागच आला. माझ्या कामाला हात लावायची हिची हिंमत कशी झाली! मग हिने आपली कीव केली याचा राग आला, आणि तो जास्त वेळ टिकला. हेवा काही गेला नाही. आधी तो रंजिताच्या पानाचा होता, आता तिच्या डोळ्यांचा झाला.

जीप सुटण्याआधी तिने अमरला फोन लावला. "माहं पान पह्यल्यासारखं करून दे."

"काहून काकू? काही बिघडलं काय?"

"काही नाही बिघडलं. मले तेच बरं हाय. आन रंजिताले सांगू नको."

घरी आली तेव्हा रंजिता ओसरीवरच होती. जाऊ दिसताच सवयीने तिने मोबाइल पालथा घातला. बबिताने ते पाहिले. अर्धवट पिशवी मांडीवर घेतली, दोरा ओला केला, सुई उजेडाकडे धरली. दोरा नेढ्याच्या बाजूने गेला. पुन्हा गेला. रंजिता अंगणातल्या कोंबड्यांकडे पाहत बसली. रोज ती अशीच कुठेतरी पाहायची, हे बबिताच्या आज लक्षात आले.

तिने सुई आणि दोरा रंजितापुढे धरला.

रंजिताने डाव्या हाताने एका दमात दोरा ओवून दिला. तेवढ्यानेही बबिताचा जीव जळला.

"आजपासून काचा तू लाव," ती म्हणाली. "मी कवड्या लावतो. कवड्या बोटाले समजतात."

"पण बाई, माहा टाका उलटा येते."

"ठाऊक हाय मले, कसा येते तो."

रंजिताने वर पाहिले. पालथ्या मोबाइलकडे तिचा हात गेला आणि थांबला.

आतून सुखीबाईने विचारले, "काय करून राह्यल्या वं दोघी?"

"काम करून राह्यलो, याडी," बबिता सासूला म्हणाली. तिने आपल्या उजव्या गुडघ्याशी असलेली काचांची डबी उचलली आणि रंजिताच्या डाव्या हाताशी ठेवली.