हिरवळीखालची गादी

दवाखान्यामागची हिरवळ वरून छान दिसायची, पण पाय ठेवला की गादीसारखी दबायची. गवत आणि माती यांच्यामध्ये मेलेली मुळं, वाळके देठ वर्षानुवर्षं साचून तीन बोटं जाडीचा थर झाला होता. पाणी वरच तुंबायचं आणि खालची माती कोरडी ठणठणीत.

"दोन महिने देते," दवाखान्याच्या मोठ्या बाई माळ्याला म्हणाल्या होत्या. "पेशंट घसरतात हो. निचरा झाला नाही, तर प्लास्टिकचं गवत घालू. त्याला पाणी नको, काही नको."

माळीही नको, हे त्या बोलल्या नाहीत. पण माळ्याला ते ऐकू आलं.

त्याने जिवाणूंची बाटली आणली. असला थर खाऊन त्याची माती करणारे जिवाणू. नळाच्या पाण्यात मिसळून अख्ख्या हिरवळीवर शिंपडले आणि वाट पाहत बसला. महिना उलटला. तसूभर फरक नाही.

"पाणी कुठलं घेतलंत?" जेवताना बायकोने विचारलं.

"दवाखान्याच्या नळाचं. एकदम स्वच्छ."

"त्याला औषधाचा वास येतो ना?"

"येतो की."

"अहो, मग ते जंतू मारायचंच औषध! पाहुणे बोलावलेत आणि दारातच विष पाजलंत."

घास त्याच्या हातातच राहिला. बाटली तर संपली होती.

बायको ताटावरून उठून मागच्या दारी गेली. तिथे तिचा खताचा ढीग होता, बारा वर्षं सालं आणि पाचोळा घालून पोसलेला. त्यातली चिमूटही तिने सख्ख्या बहिणीला दिली नव्हती. तिने कोपरापर्यंत हात खुपसला. आतून ऊन वाफ आली.

"घ्या, असले पाहुणे यातही आहेत," ती म्हणाली. "आणि या वेळी जरा जपून."

त्याने बादल्या भरून दोन दिवस उघड्यावर ठेवल्या. पाण्याचा वास उडाल्यावर खताची पुरचुंडी त्यात भिजवली, थोडी साखर घातली, काठीने ढवळत राहिला. हिरवळीला बागेतल्या लोखंडी काट्याने भोकं पाडली आणि झारीने ते पाणी हळूहळू पाजलं.

मग रोज दुपारी तो गवताला कान लावून पडू लागला. डोळे मिटले की खालचं गाव दिसायचं. असंख्य चिमुकली तोंडं, कुणालाच घाई नाही. मेलेल्या देठांच्या गाठी एकेक करून सुटत होत्या, आणि त्यालाही आपल्या आत कुठेतरी सैल झाल्यासारखं वाटायचं.

"माझ्याशी दिवसभरात दोन शब्द नाहीत," डबा घेऊन आलेली बायको म्हणाली, "आणि त्यांना जेवलात का विचारता!"

मुदत संपली त्या सकाळी मोठ्या बाई आल्या, सोबत मोजमापाची फीत घेतलेला कंत्राटदार. बाईंनी स्वतः बादलीभर पाणी ओतलं. गवतावर तळं साचलं. त्यात आभाळ उतरलं, एक पांढरा ढगही.

ढग बारीक होत गेला. मग आभाळ काठांकडून आक्रसलं आणि गवतात शिरून दिसेनासं झालं.

बाईंनी चपला काढल्या, पाय टेकवला. "अजून मऊ आहे."

"दीड बोट उरलंय," माळी म्हणाला. "खातायत ते. सावकाश."

बाई तशाच अनवाणी हिरवळीवर चार पावलं चालल्या. मग त्यांनी कंत्राटदाराकडे पाहून नकाराची मान हलवली, आणि त्याने फीत गुंडाळली.

घरी बायको ढिगाशीच बसली होती. तिने नुसत्या भुवया उंचावल्या.

"अजून एक पुरचुंडी लागेल," तो म्हणाला.